बुवा, सध्या नवीन काय बसवून रायले?

गावातल्या म्हाताऱ्या गायकाची मुलाखत घ्यायला पोरं जातात आणि पहिलाच प्रश्न टाकतात, ‘बुवा, तुमच्या काळी भजन कसं होतं?’ झालं. बुवा पाठ असलेलं सांगायला लागतात. आमच्या वेळी माईक नव्हता, कंदिलाच्या उजेडात रात्र काढायचो, आता ते राह्यलं नाही. हेच त्यांनी कॉलेजातून प्रोजेक्टसाठी आलेल्या पोरीला सांगितलेलं असतं, सप्ताहाच्या मंचावर सांगितलेलं असतं, आणि शाल-नारळ घेताना तर दरवेळी. कॅमेरा सुरू राहतो, हाती काही लागत नाही.

मी तिवसा तालुक्यात लग्नाचं शूटिंग करतो. त्याआधी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवला. लगीनसराई आटोपली की कॅमेरा रिकामा राहतो. मग खंजिरीवाले बुवा, भीमगीतं गाणारे, कधी पार भंडाऱ्याकडचे खडी गंमतीचे (उभ्यानं सवाल-जबाब करायची तिकडची लोककला) शाहीर, अशा साठी-सत्तरी ओलांडलेल्या लोकांना रेकॉर्ड करत फिरतो. हे कसं करता म्हणून पोट्टे विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितो.

पहिला प्रश्न नव्या गाण्याचा. ‘बुवा, सध्या नवीन काय बसवून रायले?’ बाकी सगळं नंतर.

ऑर्केस्ट्राच्या दिवसांपासून मला परदेशी रॉकवाल्यांच्या मुलाखती ऐकायची सवय आहे. रोलिंग स्टोन्सनं २०२३ मध्ये स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला. त्याआधीचा २००५ चा. मिक जॅगर तेव्हा ८० वर्षांचा. बॉब डिलननं २०२० मध्ये नवी गाणी आणली तेव्हा तो ७९ चा. एवढं ताजं काम समोर असतं, तरी मुलाखत घेणारे फिरून फिरून साठच्या दशकात जाऊन बसतात. जो कोणी नव्या गाण्यातली एखादी ओळ धरून विचारतो, त्याला मात्र उत्तर वेगळं मिळतं, आणि जुन्या गोष्टीही त्यालाच मिळतात. आपल्या बुवांचं अगदी तसंच आहे.

एकदा एका खंजिरीवाल्या बुवांना मी हाच प्रश्न केला. ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग उशीखालून कृषी केंद्राची फुकटची डायरी काढली, वर बियाण्याची जाहिरात. आत पेन्सिलीनं लिहिलेलं नवं भजन, ई-पीक पाहणीवर. वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि अॅपवर चढवायचा, तिथं नेटवर्क नाही, ही सगळी कटकट त्यात होती.

वावर दिसे डोयाले माह्या, सर्व्हरले दिसेना
उभी पराटी साक्ष देते, मोबाईल पुसेना

दोन ओळी म्हणून दाखवल्या आणि थांबले. मी विचारलं, चाल कुठली? तर चाल त्यांच्या गुरूची निघाली. गुरू कोण, तर शेजारच्या गावचे, मोझरीला राष्ट्रसंतांच्या मागे बसून साथ केलेले. मग तुकडोजी महाराजांची खंजिरी जवळून कशी ऐकली, १९६८ मध्ये महाराज गेले तेव्हा गावची मंडळी कशी निघाली, गुरूंनी हीच चाल कोणत्या भजनाला लावली होती आणि ती मंडळातल्या दुसऱ्या कोणाला का शिकवली नाही, हे सगळं आलं. ‘तुमच्या काळी’ हा शब्द मी काढलाच नव्हता.

नवं काहीच नाही असं म्हणाले तर? म्हणतात. विशेषतः ज्यांचं मंडळ बंद पडलं ते. तेव्हा विचारायचं, नातवाला काय शिकवता? किंवा, एखाद्या जुन्या भजनातला शब्द आता बदलून म्हणता का? साठ वर्षं गाणाऱ्या माणसानं एकही शब्द बदलला नाही असं मला अजून कुठं दिसलं नाही.

जायचं कधी, हेही नीट पाहा. मृग लागल्यावर पेरणीच्या दिवसांत कोणाच्या दारात कॅमेरा घेऊन उभं राहू नये. सोयाबीन काढणी आणि कापसाचा पहिला वेचा, तेव्हाही नाही. कोजागिरीनंतर मोझरीला तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव असतो, खंजिरीवाले तिकडे असतात. भीमगीतं गाणाऱ्यांना एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गाठायचा विचारच करू नका. ११ ला फुले जयंती, १४ ला आंबेडकर जयंती, त्यांचा घसा आणि गाडी दोन्ही बाहेरगावी. १४ ऑक्टोबरच्या, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या, आसपासही तेच. झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातले, लोक दिवाळीतल्या मंडईपासून (तिकडची गावजत्रा) होळीपर्यंत नाटकाच्या आणि दंडारीच्या (तिकडचं लोकनाट्य) मागे रात्र-रात्र जागतात, दुपारी झोपतात. त्यांना भेटायचं तर वडशाला नाटक मंडळांच्या ऑफिसांत विचारून दिवस ठरवा. झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून कॅमेरेवाल्यांची ये-जा तिकडे वाढली, तेव्हा ‘आम्ही पण आलो’ म्हणून टपकू नका.

मला फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च बरा वाटतो. मे महिन्यात जायचंच तर सकाळी सहाला. नऊनंतर कूलर सुरू होतो, आणि विदर्भातल्या कूलरपुढे कोणतंही सॉफ्टवेअर टिकत नाही. बंद करा म्हणावं तर सत्तरीच्या माणसाला ४५ डिग्रीत घामाघूम करून गायला लावल्याचं पाप.

मोकळ्या हातानं जाऊ नका. बिदागी पाकिटात घालून न्या आणि गाण्याच्या आधी द्या, नंतर नाही. नंतर दिली की गाणं कसं झालं त्यावर ठरवली असं वाटतं. रक्कम थोडी असली तरी चालेल, पण ‘तुमचं नाव होईल’ या आशेवर कोणाला बसवू नका. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं लागतं. एका भजनाच्या व्हिडिओनं ते होत नाही, हे त्यांना सरळ सांगा.

आता आवाज. इथंच जास्त घोळ होतो.

खंजिरी डाव्या हातात, छातीजवळ असते आणि उजव्या हाताची थाप अशी बसते की कॉलरच्या माईकचा आवाज फाटतो. म्हणून बोलताना कॉलर माईक, आणि गाताना तो काढून ठेवायचा. गाण्यासाठी दुसरा माईक तोंडासमोर, हात-दीड हातावर, थोडा उजवीकडून लावा, म्हणजे खंजिरीचा सरळ मारा चुकतो. दुसरा माईक नसेल तर मोबाइलच ठेवा, पण स्टीलच्या ताटावर किंवा टेबलावर नाही; घडी घातलेल्या दुपट्ट्यावर. एरोप्लेन मोड लावायचा. रेकॉर्डर अॅपमध्ये वेव्ह फॉरमॅट, ४८ किलोहर्ट्झ. सुरुवातीला ‘बुवा, एकदा जोरात वाजवून दाखवा’ म्हणून सगळ्यात मोठी थाप ऐकून घ्या आणि मीटरची उडी उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही एवढा गेन (माईक किती आवाज ओढतो ते) ठेवा. हळू आवाजात रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं. फाटलेला आवाज कोणी शिवून देत नाही.

पावसाळ्यात खंजिरीचं कातडं आणि डफ दोन्ही सैल पडतात. चुलीवर किंवा गोवऱ्यांच्या आगीवर शेकून घेतले की तासभर चांगले बोलतात. ती वेळ धरूनच गाणं घ्यायचं, आणि शेकणंही शूट करा, कारण किती शेकायचं ते बुवा बोटाच्या टिचकीनं ठरवतात आणि ते कुठंच लिहिलेलं नाही. एक सूचना: घोरपडीच्या कातड्याची जुनी खंजिरी कोणाकडे निघाली तर ती कॅमेऱ्यासमोर धरून कौतुक करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपड संरक्षित आहे, उगाच म्हाताऱ्याच्या मागे चौकशी लागायची.

टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो. देवळाचा सभामंडप दिसायला छान, ऐकायला बेकार. सगळ्यात उत्तम खोली सांगतो: कापूस भरलेली. भाव वाढायची वाट पाहत लोक डिसेंबर-जानेवारीत घरातच कापूस साठवतात. तीन भिंतींना गळ्यापर्यंत कापूस असला की घुमारा नावालाही राहत नाही, शहरातले लोक फोम लावून जे करतात ते इथं फुकट. फक्त अंगाला खाज सुटते, तेव्हा पूर्ण बाहीचा शर्ट घाला आणि दोन गाण्यांच्या मध्ये बुवांना बाहेर ओसरीवर बसवा. विडी-काडी पेटवणाऱ्याला मात्र त्या खोलीत पाय ठेवू देऊ नका.

कापूस नसेल तर दोरीवर गोधड्या टांगा. फ्रिजचा प्लग काढा आणि स्वतःच्या गाडीची चावी फ्रिजवर ठेवा, म्हणजे प्लग परत लावल्याशिवाय घरी निघता येत नाही.

निदान एक गाणं एकट्यानं घ्या. पेटी नाही, ढोलकी नाही, मागे ओढणारे साथी नाहीत. साथीदार रुसतात, त्यांचंही नंतर घ्या. १९९३ मध्ये जॉनी कॅश नावाच्या अमेरिकन गायकाला रिक रुबिन या निर्मात्यानं नुसती गिटार हातात देऊन एकट्याला गायला बसवलं होतं. कॅश ६१ वर्षांचा होता, मोठ्या कंपनीनं सोडून दिलेला. त्या रेकॉर्डिंगनं त्याचं गाणं पुन्हा उभं राहिलं. म्हातारा आवाज एकटा असला की त्यातली कंप, दम लागणं, शब्दावर थांबणं सगळं ऐकू येतं. लोक ते लपवायला मागं कीबोर्ड भरतात, म्हणजे जे ऐकायला आपण गेलो तेच पुरून टाकतात.

दातांचंही विचारून घ्या, लाजू नका. कवळी घालून गाताना ‘स’ आणि ‘श’ शिट्टी मारतात. काढून गाताना शब्द पसरतात. कसं गायचं ते बुवांनाच ठरवू द्या, आणि ठरलं की मध्ये बदलू नका.

पट्टीचा प्रश्न माझा आवडता. ‘आता कोणत्या पट्टीत गाता, आणि आधी कोणत्या?’ आधी पेटीच्या ‘काळी पाच’मध्ये गाणारा माणूस आता खाली ‘काळी दोन’ला आलेला असतो. रॉकवालेही वय झालं की पट्टी उतरवतात, त्यात कमीपणा नाही. पण पट्टी उतरली की कोणती भजनं सोडावी लागली, कोणती उलट जास्त चांगली लागायला लागली, हे विचारा. एका शाहिरानं मला सांगितलं की वरच्या पट्टीत त्याला करुण रस कधी जमलाच नव्हता, आवाज बसल्यावर तो आला.

आता धंद्याचं बोलणं. आपल्याकडे ‘करिअर’ म्हटलं की माणूस बावचळतो. शेती करता करता गायलेला माणूस, त्याला कसलं करिअर? म्हणून तुकड्यातुकड्यानं विचारायचं. पहिली सुपारी कोणत्या गावची? ठरले किती आणि हातात पडले किती? वाटा कसा करायचे, पेटीवाल्याला जास्त की सगळ्यांना सारखा? जायचे कशानं, बंडीनं की एस्टीनं, आणि रात्री कार्यक्रम संपल्यावर पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत कुठं पडून राहायचे? पैशाचं उत्तर बहुतेक वेळा घरधनीण दारातून दुरुस्त करते. तिला आत बोलवा, दुसरा कॉलर माईक तिला लावा. हिशेब तिच्या डोक्यात पक्का असतो.

आणि हा प्रश्न विसरू नका: मंडळ फुटलं तेव्हा पेटी कोणाकडे राहिली? बँड जगभर फुटतात, आणि भजनी मंडळही फुटतातच. वरवरचं कारण ग्रामपंचायतीचं राजकारण सांगतात, पण पेटी कुठं गेली हे विचारलं की खरं कारण बाहेर येतं. मात्र जो हयात आहे आणि ज्याच्यावर आरोप होतो आहे, त्याचं नाव व्हिडिओत ठेवू नका. तेवढा भाग कापा. गावात तुम्हाला परत जायचं असतं.

खडी गंमतवाल्यांकडे वेगळी किल्ली चालते. तिथं कार्यक्रम ‘दुय्यम’ असतो, म्हणजे दोन शाहीर समोरासमोर, रात्रभर उभ्यानं सवाल-जबाब. कलगीवाले शक्तीची बाजू घेतात, तुरेवाले शिवाची. शाहिराला स्वतःबद्दल विचारलं तर तो नम्रपणा करतो. समोर उभ्या राहणाऱ्या शाहिराबद्दल विचारा. त्यानं कोणत्या गावी कोणता सवाल टाकून मला अडवलं होतं, हे ३०-४० वर्षांनी शब्दन्शब्द सांगतात, आणि मग पुढच्या मंडईसाठी त्याच सवालाचं नवं उत्तर रचून ठेवलेलं असतं, तेही म्हणून दाखवतात.

आकाशवाणीचं नक्की विचारा. नागपूर केंद्र १९४८ चं. तिथं ऑडिशन द्यायला गावाकडून गेलेल्यांची एक पिढी आहे. ग्रेड कोणता मिळाला, बी की बी हाय, आणि स्टुडिओत खंजिरी हळू वाजवा म्हणून कोणी सांगितलं का, यावर लोक तासभर बोलतात. कागद जपून ठेवलेला असतो. त्याचा फोटो घ्या. पुढं कामी येतो.

बायांचं रेकॉर्डिंग करताना ‘कलावंत’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. ‘मी काही गानारी आहो का बाप्पा?’ असं म्हणून आजी आत निघून जाते, आणि आतून जात्यावरची, भुलाबाईची अशी गाणी तिला रात्रभर पुरतील एवढी येत असतात. भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत असते, त्या महिन्यात जा, शेजारच्या पोरींना बसवा आणि त्यांना सुरुवात करू द्या. चुकल्या की आजी आपोआप येते. माय, आजी, काकू, ज्या नात्यानं गाव हाक मारतं त्याच नात्यानं बोला. ‘मॅडम’ म्हणणारे काही मी पाहिले आहेत, त्यांना चहाशिवाय काही मिळालं नाही.

घरात जुन्या कॅसेट निघतात, ट्रंकेत किंवा देवघराच्या फळीवर. हातात आल्या की सगळ्यात आधी वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे छोटे कान मोडा. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी वर काही चढत नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, टेपचं हेडही जाईल. ती वेगळी ठेवून जाणकाराला दाखवा. चांगली असेल तर एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं फिरवून घ्या, मगच लावा. स्पीकरसमोर मोबाइल धरून कॉपी करण्याचा प्रकार बंद करा. टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून साध्या यूएसबी साउंड कार्डातून लॅपटॉपला जोडली की काम होतं. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटं लागतातच, तेवढा वेळ बुवांना शेजारी बसवा आणि ते जे बोलतील ते दुसऱ्या मोबाइलवर घ्या. हा ढोलकीवाला कोण, हा मागं खोकला तो कोण, हे तेव्हाच कळतं.

गाण्याच्या वह्या सावलीत, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता पानामागून पान फोटो काढा. कोरी पानंसुद्धा सोडू नका, क्रम राहतो. वही घरी नेऊ नका. ‘आठ दिवसांत आणून देतो’ म्हणून नेलेल्या वह्यांच्या कहाण्या प्रत्येक बुवांकडे आहेत.

हक्काचं थोडक्यात, पण नीट. गाणाऱ्याच्या संमतीशिवाय त्याचं गाणं रेकॉर्ड करणं हेच कायद्याला धरून नाही. कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतःचा हक्क ५० वर्षं राहतो. स्वतः रचलेल्या भजनाचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, ‘रजिस्टर नाही म्हणजे कोणाचंही’ हे खोटं आहे. म्हणून साध्या कागदावर मराठीत लिहून घ्या: काय रेकॉर्ड केलं, कुठं टाकणार, पैसे आले तर वाटा कसा, आणि काढून टाका म्हटलं तर काढणार. वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या, एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. कोणी कंपनीवाला ‘सगळे हक्क कायमचे’ असा कागद घेऊन आला तर नातवाला तो वाचायला लावा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कोणाला देऊन टाकता येत नाही, एवढं त्याला माहीत असलं तरी पुरे. चाल सिनेमातली असेल तर यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा लागू शकतो. घाबरायचं कारण नाही, पण आधीच सांगून ठेवा.

फाइलला नाव देताना गाव, गाणाऱ्याचं नाव, गाण्याची पहिली ओळ आणि तारीख. ‘बुवा न्यू फायनल २’ असं नको. एक प्रत लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि एक पेनड्राइव्हवर घालून बुवांच्या घरी. टीव्हीला लावून दाखवून या. व्हिडिओखाली रचना कोणाची, चाल कोणाची, साथ कोणाची हे लिहा. साथीदारांची नावं गाळली की पुढच्या वेळी ढोलकी मिळत नाही.

शेवटी मानधनाचं. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. २०२४ पासून सरसकट महिन्याला ५,००० रुपये. वयाची अट ५० वर्षं, आणि पुरेशी वर्षं कला सादर केल्याचे पुरावे लागतात. बुवांकडे पुरावे असतात, पण ते ट्रंकेत, भिंतीवर आणि मेहुण्याच्या घरी विखुरलेले. तुम्ही आधीच आकाशवाणीचा कागद, जुनी पत्रकं, सप्ताहाच्या पत्रिका, मानपत्रं यांचे फोटो काढलेले असतात. ते वर्षांप्रमाणे लावून छापून द्या आणि पंचायत समितीत चौकशीला त्यांच्यासोबत एक चक्कर मारा. जाताना डायरी सोबत घ्यायला सांगा. आमचे ई-पीक पाहणीवाले बुवा रांगेत बसल्या-बसल्या तिसरं कडवं लिहीत होते, साहेब जेवायला गेल्याबद्दलचं.